चाकू असावा खिशात!

माणसाच्या खिशात काय काय असावे, याची यादी दर पिढीला बदलत जाते. आमच्या आजोबांच्या कमरेला चंची असे, आणि तिच्यात पान, कात, चुना, सुपारी व अडकित्ता असा सारा संसार नांदत असे. वडिलांच्या कोटाला फाउंटनपेन आले, खिशात घड्याळ आले, टिपणवही आली. आमच्या मुलांच्या खिशात टेलिफोन शिरला, आणि त्याने घड्याळ, वही, विजेरी, पाकीट अशा एकेकाला हुसकावून लावून सगळे घर बळकावले. या सर्वज्ञ यंत्राला जगातल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते, असे म्हणतात. असेल! पण त्याला अजून पेरू कापता येत नाही. सुतळीची गाठ सोडवता येत नाही, पार्सलाची चिकटपट्टी फाडता येत नाही, आणि शिसपेन्सिलीला टोक करता येत नाही.

मी कोल्हापुरातला निवृत्त चित्रकलेचा मास्तर. चाळीस वर्षे पोरांच्या पेन्सिली तासण्यात गेली. टोकयंत्रात पेन्सिल फिरवली की तिला आखूड, बोथट नाक येते, आणि मऊ शिशाची पेन्सिल तर आत मोडूनच बसते. छायांकन करायचे तर शिसे अर्धा इंच तरी उघडे हवे, आणि ते काम चाकूचे. त्यामुळे धंद्यासाठी म्हणून चाकू माझ्या खिशात आला आणि पेन्शन घेतल्यावरही तेथेच राहिला. दिवाळी अंकांतून फराळावर, दागिन्यांवर, प्रवासावर लिहिणारे पुष्कळ आहेत. या गरीब बिचाऱ्या चाकूवर मात्र कोणी दोन शब्द लिहीत नाही. म्हणून हा प्रपंच.

खिशात तुर्की, घरात संस्कृत

आधी नावाची कुळकथा पाहू. 'सुरी' ही आपल्या संस्कृत क्षुरिकेची लेक, 'कात्री' ही कर्तरीची. 'चाकू' मात्र तुर्कांकडून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आलेला पाहुणा. 'वस्तरा' आणि 'पोलाद' ही मंडळीही फारसीच्या वाटेने आली. म्हणजे मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात संस्कृत आणि खिशात तुर्की! दोघांचे कधी भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

चाकू म्हटला की आजकाल लोकांच्या डोळ्यांपुढे मारामारी उभी राहते. पण खिशातला लहान चाकू हे मुळात लिहिणाऱ्याचे हत्यार. इंग्रज त्याला 'पेननाइफ' म्हणतात, ते पिसाची लेखणी तासण्यासाठी तो वापरत म्हणून. फारसीत त्याला 'कलमतराश' असा भारदस्त शब्द आहे. आपल्याकडे बोरूला तिरका काप देऊन मधोमध बारीक चीर पाडायची, तर धारदार चाकूवाचून गत्यंतर नव्हते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे जे गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत, त्यांतली वळणदार अक्षरे ज्या बोरूंनी उमटवली, त्या बोरूंना आधी कोणाच्या तरी चाकूने जन्म दिला होता. तेव्हा या वस्तूचा खरा धनी दरोडेखोर नसून आपला कारकून आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

त्याहूनही मागे जायचे तर युरोपात आल्प्स पर्वताच्या बर्फात 1991 साली सापडलेल्या त्या पुराणपुरुषाकडे जावे लागेल. 'ओट्झी' असे नाव त्याला एका पत्रकाराने दिले. सुमारे 5,300 वर्षांपूर्वी हा गृहस्थ मेला. त्याच्यापाशी गारगोटीच्या पात्याचा छोटा सुरा होता, सुऱ्याला झाडाच्या सालीचे विणलेले म्यान होते, आणि बोथट झालेली कड पुन्हा धारदार करण्यासाठी शिंगाचे टोक बसवलेले एक पेन्सिलीसारखे अवजारही होते. मला त्या सुऱ्यापेक्षा त्या अवजाराचे अप्रूप अधिक वाटते. चाकू बाळगणारा तो शहाणा, पण धार लावण्याचे साधन बाळगणारा त्याहून शहाणा!

चाकू कसा निवडावा?

बाजारात गेल्यावर दुकानदार पंधरा-वीस चाकू काचेवर पसरतो आणि आपण भांबावून सर्वांत चकचकीत असेल तो उचलतो. असे करू नये. वधूवरांची पत्रिका पाहतात तितक्या बारकाईने नसले, तरी चार गुण जुळवून पाहावेतच.

पहिला गुण लांबीचा. पाते आपल्या तळहाताच्या रुंदीएवढे, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर असले की पुष्कळ झाले. एवढ्या पात्याने आंबा चिरता येतो, उसाची कांडी सोलता येते, लिफाफा फोडता येतो. याहून लांब पाते खिशात सलते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांतही सलते.

दुसरा गुण सांध्याचा. पाते अर्धे उघडून दोन बोटांनी आडवे हलवून पाहावे. ते डुलता कामा नये. पाठीवरच्या स्प्रिंगचा जोर असा हवा की पाते उघडताना आणि मिटताना 'टक्' असा एकच खणखणीत आवाज यावा. ढिला चाकू नेमका काम करताना बोटावर मिटतो. पाते उघडे असताना अडकून राहील अशी कडी वा खिट्टी असेल तर लहान मुलांसाठी फारच उत्तम.

तिसरा गुण मुठीचा. चाकू मिटून मुठीत घट्ट धरावा आणि डोळे मिटून मिनिटभर तसाच धरून ठेवावा. कोपरा टोचला, रिवेट घासली, तर तो चाकू काचेवर परत ठेवावा. शिंगाची किंवा शिसवी लाकडाची मूठ हाताला ऊब देते. पातळ पत्र्याची मूठ पावसाळ्यात निसटते.

चौथा गुण पोलादाचा, आणि येथे मात्र थोडे थांबावे लागेल. पोलाद म्हणजे लोखंडात मोजून मिसळलेला कार्बन. चाकूच्या साध्या पोलादात तो शेकडा 0.6 ते 1 च्या आसपास असतो. हे पोलाद धार झटकन घेते, पण लिंबू, कैरी, आवळा यांचा स्पर्श होताच काळवंडते आणि आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात तर एका रात्रीत गंजते. इंग्लंडातल्या शेफील्ड शहरी 1913 साली हॅरी ब्रिअर्ली याने क्रोमियम घातलेले, न गंजणारे पोलाद तयार केले. आज ज्याला आपण स्टेनलेस म्हणतो त्यात क्रोमियम शेकडा साडेदहा तरी असतेच. ते गंजत नाही, पण स्वस्तातल्या स्टेनलेसची धार फार दिवस टिकतही नाही. ज्याला पुसून ठेवायची सवय आहे त्याने साधे पोलाद घ्यावे. ज्याला ती नाही, त्याने स्टेनलेस घ्यावे. सवय बदलेन असे म्हणून कोणी चाकू घेऊ नये.

आता घराण्यांविषयी. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स आणि सन्स यांच्या चाकूंचा इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात मोठा बोलबाला होता. पात्यावर चांदणी आणि क्रूस अशी खूण असलेला रॉजर्सचा चाकू म्हणजे त्या काळचा घड्याळाइतका मानाचा दागिना. याच कंपनीने लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनासाठी तब्बल 75 पात्यांचा एक चाकू बनवला होता. तो कोणाच्या खिशात मावला नसता, हे सांगणे नकोच. स्वित्झर्लंडात कार्ल एल्सनर याने 1891 साली तिथल्या फौजेला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि 1897 मध्ये तो तांबडा, अनेक पात्यांचा 'अधिकाऱ्याचा चाकू' नोंदवला. पुढे त्याने आईच्या 'व्हिक्टोरिया' या नावावरून कारखान्याचे नाव ठेवले. फ्रान्समधल्या सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने 1890 साली लाकडी मुठीचा, एका पात्याचा शेतकऱ्यांचा चाकू काढला, आणि तो आजही जवळपास त्याच रूपात मिळतो.

आपल्याकडे नाव झाले ते उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे, पण सिनेमाने त्याची पार अब्रू घालवली. 1965 च्या 'वक्त' चित्रपटात रामपुरी चमकला आणि तेव्हापासून 'रामपुरी' म्हणजे गुंडाचे हत्यार, असे समीकरण होऊन बसले. खटक्याचा चाकू घेऊ नये, हे माझेही मत. फळ कापायला खटका कशाला हवा?

बाळगण्याची रीत

"मास्तर, चाकू खिशात ठेवणं कायद्यात बसतं का हो?" असे शेजारचे वकील सोडून सगळे जण मला विचारतात. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली जी शस्त्रांची यादी आहे, तीत पाते 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असलेले सुरे, तलवारी वगैरे येतात. घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि कारखान्याची अवजारे तिच्यातून वगळलेली आहेत. आपला तीन इंची चाकू त्या पंक्तीला बसत नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधील 37 व्या कलमाखाली सणवार, निवडणूक, मोर्चे अशा वेळी बंदी-आदेश निघतात, आणि त्यांत सुरे वगैरे बाळगण्यास मनाई असते. अशा दिवसांत चाकू घरच्या खणात ठेवावा. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावर तपासणीच्या टेबलाशी ताटातूट होण्यापेक्षा तो आधीच मोठ्या बॅगेत घालून द्यावा.

कायद्याइतकीच रीतही महत्त्वाची. उघडा चाकू कोणाच्या हातात देऊ नये. मिटून द्यावा, किंवा टेबलावर ठेवावा आणि समोरच्याने उचलावा. चाकूने कोणाकडे बोट दाखवावे तसे दाखवू नये. बोलताना तर तो हातात नसावाच, कारण आपण कोल्हापूरकर हातवाऱ्यांशिवाय बोलत नाही!

चाकू भेट देऊ नये, मैत्री तुटते, असा एक समज आहे. त्यावर तोडही जुन्या लोकांनीच काढून ठेवली. घेणाऱ्याने रुपयाचे नाणे द्यायचे, म्हणजे भेटीचा सौदा होतो आणि दोष टळतो. एरवी आपल्या घरांतून पोलादाचे नाते भीतीपेक्षा रक्षणाशीच जास्त आहे. बाळंतिणीच्या उशाशी सुरी किंवा कोयता ठेवायची चाल कितीतरी घरांत होती. पाचवीच्या पूजेतही कोयत्या-विळ्याला मान. धार असलेली वस्तू घराची राखण करते, असा त्यामागचा भाव. "मुखात राम, बगलेत सुरी" असे आपण म्हणतो खरे, पण त्यात दोष त्या मुखाचा आहे, सुरीचा नाही.

तलवारीपासून सतारीपर्यंत

कोल्हापुरात 'धार' म्हटले की दोन चित्रे उभी राहतात. एक गंगावेशीतल्या दूधकट्ट्याचे. तिथे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हशीची धार काढायची आणि पेला तोंडाला लावायचा. दुसरे शिकलगाराचे. तो धार काढत नाही, लावतो.

'शिकल' म्हणजे झिलई. अरबी 'सैकल' शब्दाचे हे मराठी रूप. तलवारी घासूनपुसून त्यांना पाणी आणि झिलई देणारा तो शिकलगार. कोल्हापूर, सांगली, मिरज या मुलखात हे आडनाव गावोगाव आढळते. संस्थानांच्या काळी या लोकांच्या हाताला खंड नव्हता. मग 1878 चा शस्त्रकायदा आला, तलवारी भिंतींवर चढल्या आणि शिकलगारांची चाके थंडावू लागली. त्यांच्यापैकी अनेक जण विळे, कोयते, कात्र्या, अडकित्ते यांकडे वळले.

मिरजेतल्या एका शिकलगार घराण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. कायदा येण्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेब आणि त्यांचे वडीलबंधू मोईनुद्दीन यांनी शस्त्रांचा पिढीजात व्यवसाय सोडून भोपळ्यावर काम करायला घेतले आणि तंबोरे व सतारी बनवल्या. आज देशभरचे गवई ज्या मिरजेच्या तंबोऱ्यांशी सूर लावतात, त्या कारागिरीची सुरुवात तलवारीला झिलई देणाऱ्या हातांनी झाली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणजे वैर, असे आपण समजतो. मिरजेने ते खोटे पाडले!

आमच्याकडे लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात एक वृद्ध शिकलगार चाक घेऊन बसतात. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. पूर्वी सायकलीवर चाक बसवून ते पेठापेठांतून फिरत. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून एका जागी बसतात. त्यांच्या वडिलांच्या वेळचे चाक कुरुंदाचे होते. कुरुंदाची पूड लाखेत कालवून त्याची चकती करत. हा कुरुंद कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल मोडतो. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही आपल्या 'कुरुविंद'-'कुरुंद' या कुळातलाच, दक्षिणेतून तिकडे गेलेला. 1891 साली अमेरिकेत अॅचेसन याने भट्टीत कार्बोरंडम तयार केले, आणि पुढे बाजारात तयार दगड आले.

एकदा मी चाचांना विचारले, "तुमच्यानंतर हे चाक कोण फिरवणार?"

"कोण फिरीवनार? थोरला उद्यमनगरात हाय, कॉम्प्युटरच्या मशीनवर. धाकटा टेंपो चालीवतोय. बरं चाललंय त्यांचं. मी कशाला वडू त्यांना हिकडं?" चाचा कात्रीचे पाते उन्हाकडे धरून पाहत म्हणाले. "पर मास्तर, लोक आता कात्री आनीतच न्हाईत. बोथट झाली की टाकत्यात. साठ रुपयांची नवी घेत्यात. धार लावायला मी घेतोय तीस. हिशेब त्यांचाबी बराबर हाय, पर वस्तू काय हिशेबानं घरात ऱ्हाती व्हय?"

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. उद्यमनगरच्या यंत्रांविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी कोल्हापूरला भाकरी दिली, आणि खंडेनवमीला तिथली यंत्रे हार घालून पुजली जातात तेव्हा मीही कौतुकाने पाहतो. पण बोथट झालेली वस्तू पुन्हा कामाला आणता येते, हे ज्ञान एखाद्या गावातून पुसले गेले, तर ते पुन्हा कोणत्या दुकानात विकत मिळणार? चाचांसारख्याला गिऱ्हाईक देणे हा त्यावर एक उपाय. आणि दुसरा, आपण स्वतः शिकणे.

धार लावावी कशी?

हे काम अवघड नाही. लागते ते फक्त सावकाशपण, आणि ते दुकानात मिळत नाही.

दगड दोन तोंडांचा घ्यावा, एक बाजू खरबरीत, दुसरी बारीक. लांबी वीतभर तरी हवी. ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही. पाणी किंवा तेल, दोहोंपैकी एक काय ते ठरवावे. एकदा तेल प्यालेला दगड पुन्हा पाण्याला नीट दाद देत नाही.

आता कोनाचा प्रश्न. पाते दगडावर किती कलते धरावे? कोनमापक शोधत बसू नका. कागदाचा चौकोनी कोपरा घ्या, तो 90 अंशांचा. एकदा दुमडा, 45 झाले. पुन्हा दुमडा, साडेबावीस झाले. पाते या दुमडीपेक्षा किंचित खाली, वीस अंशांच्या आसपास धरले की खिशातल्या चाकूला योग्य कोन मिळाला. याहून निमुळता कोन केला तर धार तिखट होते पण लवकर मोडते. याहून जाड केला तर टिकते पण कापत नाही. कोयत्याचा कोन जाड, वस्तऱ्याचा अगदी निमुळता, आणि चाकू दोघांच्या मध्ये.

खरबरीत बाजूपासून आरंभ करावा. दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा बेताने, धार पुढे ठेवून, मुठीपासून टोकापर्यंत पाते एका दमात ओढावे. जोर हलका हवा. एकाच बाजूने असे करत राहिले की दुसऱ्या बाजूच्या कडेला तारेसारखी बारीक खरखर बोटाला लागू लागते. बोट धारेच्या बाजूने कधीही फिरवू नये, पाठीकडून कडेकडे आडवे न्यावे. ती खरखर टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे लागली की त्या बाजूचे काम झाले. मग दुसरी बाजू तशीच करावी. नंतर दगड उलटून बारीक बाजूवर, आता आलटूनपालटून, पंधरा-वीस हात द्यावेत.

शेवटचा संस्कार चामड्याचा. आणि येथे कोल्हापूरकरांचे नशीब जगात सर्वांहून चांगले! आपल्या चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते, आणि धारेवरची ती उरलेली तार काढायला असे चामडे उत्तम. चप्पल शिवणारे कारागीर आपली रापी दगडावर लावून चामड्यावर परजतात, ते एकदा उभे राहून पाहावे. त्यांच्याकडून हातभर कातण मागून घ्यावे, लाकडी पट्टीवर चिकटवावे आणि चाकू त्यावर ओढावा. येथे मात्र पाठ पुढे, धार मागे. उलट केले तर चामडेच चिरेल. दहा-पंधरा हात पुरेत.

परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर करावी. कागद हातात लोंबता धरून चाकू खाली ओढावा. सुर्रकन् कापला गेला तर उत्तीर्ण. पिकल्या टोमॅटोवर पाते दाब न देता नुसते ओढावे. साल चिरली गेली तर प्रथम श्रेणी. धुऊन, पुसून, सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा. झाले.

एक इशारा देतो. विजेच्या कोरड्या चाकावर पाते दाबून धरणाऱ्यापासून सावध राहावे. आमच्या एका परिचितांची जुनी सुरी अशीच एका ठिकाणी 'झटपट' धार लावून आली, ती कडेला निळी पडून. पोलाद तापवून पाण्यात बुडवतात तेव्हा त्यात कडकपणा येतो. यालाच पाणी देणे म्हणतात आणि 'पाणीदार' हा शब्द त्यातूनच आला. घर्षणाने पाते तीनशे अंशांच्या आसपास तापले की त्यावर निळी झाक येते आणि ते पाणी उतरते. मग कितीही घासा, धार टिकत नाही. चाचा म्हणूनच पाते दर दोन हातांनी पाण्यात बुडवतात.

कित्येकांना वाटते की बोथट चाकू निर्धोक. उलट आहे! बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो घसरतो, आणि घसरला की बोटावर येतो. धारदार चाकू सांगितलेल्या वाटेने जातो.

वारसा कोणाचा?

हे सारे लिहावेसे वाटले त्याला निमित्त घरचेच आहे. माझ्या वडिलांचा शिंगाच्या मुठीचा रॉजर्स माझ्यापाशी आहे. पाते झिजून निम्मे राहिले, पण टक् असा आवाज अजून तोच. घरातला रिवाज असा की चाकू थोरल्या नातवाकडे जायचा. आमचा नातू पुण्यात शिकतो. त्याला विचारले, तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आबा, मी होस्टेलवर चाकू घेऊन काय करू?" त्याचेही खरेच.

यावर त्याची बारा वर्षांची बहीण पुढे सरसावली. "मग मला द्या ना, आबा. मी चित्रं काढते. मला पेन्सिलीला लांब टोक लागतं."

सूनबाई चमकल्या. "मुलीच्या जातीला चाकू कशाला, आबा? बोट कापून घेईल." आमची सौभाग्यवती इतका वेळ विळीवर मेथी चिरत होती. ती वर न पाहता म्हणाली, "अगं, मी आठव्या वर्षी विळीवर बसले. तुझ्या स्वयंपाकघरात चार सुऱ्या आहेत, त्यांना कोणाची जात विचारलीस? घरातली धार जन्मभर आपण वापरायची, आणि चाकूचा वारसा तेवढा मुलग्यांचा?"

या युक्तिवादापुढे माझ्यासारख्याने काय बोलावे! सूनबाईंची काळजीही खोटी नव्हती. शेवटी त्यांनीच तोड काढली. आधी धार लावायला शिकायचे, मग चाकू. पोरीने उन्हाळ्याची सुटी जुन्या भाजीच्या सुरीवर घालवली. पहिल्या दिवशी सुरी आणखी बोथट झाली. आठवड्यानंतर कागद फाटू लागला, आणि तिसऱ्या आठवड्यात कापला गेला. एका रविवारी तिला चाचांकडे नेले. त्यांनी सुरी उन्हात धरली, नखावर टेकवून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, टोकाकडं हात उचलतीस तू. तिथं कोन मोडतोय. मनगट न्हाई, कोपर फिरीव." एवढे एक वाक्य. ते मला तीन आठवडे तिच्याशेजारी बसून सापडले नव्हते. चाचांनी पैसे घेतले नाहीत. "धार मी कुटं लावली? तिनंच आनली की लावून!"

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या देवघरापुढे माझे कुंचले, मुलाची लॅपटॉपची पेटी, सौभाग्यवतीची विळी आणि तो दोन तोंडांचा दगड अशी मांडणी झाली. दगडाला हळदकुंकू पोरीने वाहिले. दुसऱ्या दिवशी सोने लुटून आल्यावर तिने माझ्यापुढे रुपयाचे नाणे ठेवले, आणि मी रॉजर्स मिटून टेबलावर ठेवला. सूनबाईंनी अट घातली आहे की शाळेत न्यायचा नाही, आणि ती रास्त आहे. आमच्या घरच्या पेन्सिली मात्र आता माझ्याकडे येत नाहीत.

दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्याही एखाद्या खणाच्या तळाशी वडिलांचा किंवा आजोबांचा चाकू निघेल. गंजलेला असेल, मिटत नसेल. तो भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी सांध्यात तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी हळूच उघडून पाहा. मग दगड घ्या, कागद दुमडून कोन घ्या आणि घरातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवा. जमले नाहीच, तर रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात चाचा बसतात. चाकू, कात्री, विळी, काय असेल ते घेऊन जा, आणि जाताना तीस रुपये सुटे न्या. त्यांच्याकडे सुटे कधीच नसतात.